गोळी फोडायची नाही

ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंच्या गाडीत दोन सीटांच्या मध्ये प्लॅस्टिकची एक बरणी असे, आणि त्यांचं सगळं शास्त्र त्या बरणीत असे. शिकणाऱ्यानं बसून पट्टा लावला की त्याच्या हातावर आधी एक गोळी पडायची. कुणाला कुठली, ते बाई ठरवत. बडबड्याला चिकट कॅरॅमल, म्हणजे दाताला दात चिकटले की तोंड बंद. पेंगणाऱ्याला झणझणीत पेपरमिंट. आणि कुणी हिसकावून नेणार असल्यासारखं स्टिअरिंग धरून बसणाऱ्याला संत्र्याच्या फोडीच्या आकाराची नारिंगी गोळी. चॉकलेट मात्र चालत्या गाडीत कुणालाच नाही. ते बोटांना लागतं, आणि बोटांचं गिअरला.

"काकू, ही फोडायची नाही," पहिल्याच दिवशी नारिंगी गोळी काकूंच्या हातावर ठेवत बाईंनी बजावलं होतं. "नुसती चघळायची. माणूस घाबरला की आधी दात आवळतो, मग हात, मग पाय. गोळी शाबूत तर गाडी शाबूत."

काकूंनी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली, गाडी सुरू केली, आणि स्कूलच्या फाटकातून बाहेर पडायच्या आत कडाड आवाज आला. बाईंनी शांतपणे बरणी पुढे केली.

साठीला टेकलेल्या काकूंना या वयात गाडी शिकायची हौस आली नव्हती. कारण घरी बसलं होतं, आणि कपाळाला आठ्या घालून बसलं होतं. काकांनी उभा जन्म शाळेची बस चालवली. गावातली निम्मी तरुण माणसं अजून त्यांना बसकाका म्हणूनच हाक मारत. मग काचबिंदूनं डोळे खाल्ले. समोरचं अजून दिसे, पण नळीतून पाहिल्यासारखं. बाजूचं सगळं गेलं. डॉक्टरांनी गाडीला हात लावायची मनाई केली, तेव्हा काका "बरं" एवढंच म्हणाले आणि किल्ली खुंटीला लावून टाकली. भांडले असते तर काकूंना बरं वाटलं असतं.

घरची गाडी दारात उभी राहून धूळ खायला लागली. लेक दोन तासांच्या अंतरावर राहायची, तिच्याकडचं जाणंयेणंही थांबलं. बसनं जायचं तर तिथला ड्रायव्हर काकांना पसंत नसे, टॅक्सीनं जायचं तर टॅक्सीचा. एकदा संध्याकाळी काकू दिवा लावायला खिडकीशी गेल्या, तर काका बंद गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले. गाडी सुरू नव्हती. नुसते बसले होते.  त्या दिवा न लावताच मागे फिरल्या आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आल्या.

"गोळ्या खायला घालून गाडी शिकवतात होय?" काका म्हणाले. "उद्या पाळण्यात घालून शिकवतील."

"घालू देत. तुम्ही नका झोका देऊ म्हणजे झालं."

काका स्वतः गोळी चघळणाऱ्यांतले नव्हतेच. तोंडात टाकली की कडकन फोडायची, हा त्यांचा खाक्या. चघळत बसणं त्यांना वेळेचा अपव्यय वाटे. त्यामुळे काकू रोज येऊन बाईंच्या बरणीच्या गोष्टी सांगत, तेव्हा ते रेडिओचा आवाज वाढवत. काकू तरीही सांगत. वळणावर गोळी कशी टिकली ते सांगत, सिग्नलला कशी फुटली तेही. आत चॉकलेट भरलेली टॉफी हा काकूंचा लहानपणापासूनचा जीव की प्राण. ती बाईंच्या बरणीत तळाशी असे, पण मिळे धडा संपल्यावर, आणि तीही संत्र्याची गोळी शाबूत राहिली तरच. नातवंडं असलेली बाई एका टॉफीसाठी झुरत होती, आणि काकूंना त्याची काडीचीही लाज नव्हती.

सगळं जमलं. नाही जमला तो रिव्हर्स. गाडी मागे घ्यायची म्हटलं की काकूंच्या दाढा आपोआप आवळत आणि गोळीचा चुरा होई. परीक्षेच्या दिवशीही झाला. पण परीक्षा घेणाऱ्या साहेबाला आतलं काय ऐकू जाणार? गाडी खुणांच्या आत राहिली, एवढं त्यानं पाहिलं आणि काकू पास झाल्या.

लायसन्स हातात घेऊन त्या घरी आल्या, तर काका म्हणाले, "छान झालं. पण मी गॅरेजवाल्याला सांगून ठेवलंय. येत्या आठवड्यात गिऱ्हाईक येईल, गाडी देऊन टाकू."

काकूंनी लायसन्स त्यांच्यापुढे धरलं. "मग मी शिकले कशाला?"

"तू शीक की. मी कुठं नाही म्हटलं? पण मी आजवर बाजूच्या सीटवर बसलेलो नाही. आता बसायचं, आणि तेही धड न दिसता? अगं, मला नाही जमायचं ते."

हे शेवटचं त्यांनी इतक्या खालच्या आवाजात सांगितलं की काकूंचा राग जागच्या जागी विरला. इतक्या महिन्यांत या माणसानं पहिल्यांदा काही नाही जमायचं म्हणून कबूल केलं होतं. काकूंनी त्यांचा हात धरला नाही. धरला असता तर त्यांनी तो काढून घेतला असता.

"एकदाच या," त्या म्हणाल्या. "लेकीकडे जाऊ. नाहीच पटलं तर गिऱ्हाइकाला मी स्वतः किल्ली देते."

 "जाताना येतो," काका म्हणाले. "येताना मी बसनं येईन. ते आधीच ठरलेलं बरं."

रविवारी सकाळी दोघं निघाली. काकूंनी संत्र्याच्या गोळ्यांचं पाकीट मध्ये ठेवलं आणि एक काकांच्या हातावर ठेवली. "बाईंचा नियम तुम्हालाही. फोडायची नाही."

"मला नियम?" काका म्हणाले. पण गोळी तोंडात टाकली.

पहिली गल्लीच्या तोंडाशीच फुटली. दुसरी सिग्नलला. तिसरी एक रिक्षा आडवी आली तेव्हा. प्रत्येक वेळी काकू पाकीट सरकवत. त्यांना आपल्या गोळीपेक्षा शेजारच्या गोळीचीच धास्ती लागली होती. काकांचे पाय खालच्या चटईवर नसलेला ब्रेक दाबत होते. हे पाहून काकूंना आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं.

अर्ध्या वाटेवर नदीवरचा जुना अरुंद पूल होता. त्यावरून एका वेळी एकच गाडी जाई. काकांनी नवी गोळी घेतली, काकूंनी घेतली आणि गाडी पुलावर घातली. पूल जवळजवळ ओलांडला होता, तोच समोरून लाकडं भरलेला ट्रक चढला. त्याच्यामागे आणखी दोन. ट्रकवाल्यानं हात बाहेर काढून मागे जायची खूण केली.

काकूंनी ब्रेक दाबला. "अहो, मागे घ्यावी लागणार."

काकांना समोरचा ट्रक दिसत होता. मागचं काहीच दिसत नव्हतं, आणि बाजूचा कठडाही. त्यांनी मान वळवली, पण वळवून उपयोग नाही हे त्यांचं त्यांनाच कळलं आणि ती पुन्हा समोर आणली. आता कडाड आवाज येणार, काकू मनात म्हणाल्या. आता हे ओरडणार, उतरणार, चालत जाणार.

"मागं कुणी आहे?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग घाई कसली? ट्रकवाला थांबतो. थांबायचाच पगार घेतो तो."

काकूंनी गिअर टाकला. आरशात पाहिलं, मान वळवून पाहिलं आणि गाडी मागे सोडली. कठडा हळूहळू पुढे सरकत गेला. एकदा गाडी डावीकडे ओढली जायला लागली, त्यांनी सावरली. काका गुडघ्यांवर हात ठेवून स्वस्थ बसले होते. पूल संपला, गाडी कडेच्या मोकळ्या जागेत आली आणि ट्रक हॉर्न वाजवत निघून गेले. काकूंनी हँडब्रेक ओढला. 

तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की गोळी फुटल्याचा आवाज आलाच नव्हता.

"गिळलीत का काय?" त्यांनी घाबरून विचारलं.

काकांनी तोंड उघडून जीभ बाहेर काढली. गोळी नखाएवढी बारीक झाली होती, पण अख्खी होती. काकूंनी जिभेनं आपली गोळी चाचपली. त्यांचीही होती. त्यांनीही जीभ बाहेर काढून काकांच्या नजरेसमोर धरली, आणि रस्त्याच्या कडेला दोन म्हातारी माणसं एकमेकांना जिभा दाखवत बसली.

"डावीकडे ओढली गेली होती," काका म्हणाले.

"सावरली की."

"सावरलीस. कळलं मला." मग त्यांनी शर्टाच्या खिशात हात घालून काहीतरी काढलं आणि काकूंपुढे धरलं. आत चॉकलेट भरलेली टॉफी होती, खिशातल्या उबेनं जरा मऊ पडलेली. "गोळी शाबूत राहिली की हीच देतात ना त्या तुझ्या बाई?"

म्हणजे रेडिओच्या आडून हा माणूस सगळं ऐकत होता.  काकूंनी टॉफीचा कागद सोडवला, ती गाडी उभी असतानाच खाल्ली, बोटं रुमालाला पुसली आणि मगच किल्ली फिरवली.

लेक दारातच वाट पाहत होती. आईला ड्रायव्हरच्या सीटवरून उतरताना पाहून तिचे डोळे भरून आले, पण वडिलांचा स्वभाव ठाऊक असल्यानं तिनं कामाचंच काढलं. "बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात ती परतीची बस पाचची आहे. मी तिकिटाचं बघून ठेवलंय."

काका दाराची कड चाचपत उतरले आणि परत वाकून आत पाहायला लागले.

"अगं," त्यांनी काकूंना विचारलं, "गोळ्या किती उरल्यात?"

"आहेत चार-पाच. का?"

"वाटेत अजून घेऊ. येताना कमी पडतील."