फानुरिओसचा केक आणि प्रोद्रोमोसची कवळी

मंगळवारी दुपारी माझ्या नवऱ्याने अंजिराखाली बसून अर्धं कलिंगड फस्त केलं, बिया अडकतात म्हणून कवळी काढून ठेवली, आणि संध्याकाळपर्यंत ती कुठे ठेवली हे साफ विसरून गेला. वरची आणि खालची, दोन्ही.

"असेल इथेच," प्रोद्रोमोस म्हणाला. एवढा संसार केल्यामुळे मला ते कळलं. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, सायकलच्या ट्यूबमधून हवा जातेय.

रविवारी आमच्या नातीचा बाप्तिस्मा होता. आणि हा आमच्या गावच्या चर्चमधला गायक! थेक्लाला, म्हणजे आमच्या मुलीला, दिवस गेले तेव्हापासून याचा एकच धोशा होता, की बाळाला पाण्यात बुडवतील तेव्हा स्तोत्र मी म्हणणार. शेळ्यांपुढे सराव करून झाला, माझ्यापुढे करून झाला. शिवाय थेस्सालोनिकीहून विहीणबाई येणार होत्या. नातीला नावही त्यांचंच, एव्रिदिकी. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव द्यायचं ही रीतच आहे, आणि रीतीविरुद्ध मी चकार शब्द काढणार नाही. पण नाव त्यांचं, तर निदान आवाज तरी आमचा नको? अख्ख्या लिम्नोस बेटावर असा आवाज नाही, हे त्यांना ऐकवायचंच होतं मला. आणि दातांचा डॉक्टर ऑगस्टभर सुट्टीवर.

मग मी फानुरिओसला धरलं. हरवलेलं दाखवून देणारा संत तो. त्याच्या नावाने केक करायचा. अंडं नाही, लोणी नाही. तेल, संत्र्याचा रस, अक्रोड, बेदाणे, दालचिनी. चर्चमध्ये नेऊन त्यावर प्रार्थना म्हणवून घ्यायची आणि गावात वाटायचा. खाणाऱ्याने म्हणायचं, "देव फानुरिओसच्या आईला क्षमा करो." आई महाखाष्ट होती म्हणतात त्याची.

"कशासाठी गं?" आमच्या चर्चच्या पाद्रीबाबांनी, पापा-लाम्ब्रोसनी, केकवर क्रूसाची खूण करता करता विचारलं.

"कवळीसाठी."

त्यांनी दाढीत काहीतरी गिळलं आणि प्रार्थना पुरी केली. मी संताच्या तसबिरीला हळूच बजावलं, रविवारी सकाळपर्यंत हं! व्यवहार आधी स्पष्ट झालेला बरा.

बुधवारी अख्ख्या गावात केक वाटला. गुरुवारी उजाडत नाही तोच समोरची ख्रिसान्थी धावत आली. "पोलिक्सेनी! सापडलं गं माझं कानातलं! कोंबड्यांच्या खुराड्यात! तुझ्या हाताला काय गुण आहे गं बाई!"

"वा," मी म्हटलं.

दुपारी कॉफीवाला स्ट्रातिस आला. त्याच्या दुकानातल्या सोंगट्यांच्या पटाचा हरवलेला फासा फ्रिजखाली मिळाला होता. त्याने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. संध्याकाळी पापा-लाम्ब्रोसना त्यांचा चष्मा मिळाला. वरच्या आळीतल्या विधवेची मांजर परत आली, ती चार पिल्लं घेऊन! तिने त्यातलं एक माझ्या ओटीत घातलं, आभार म्हणून.

माझं तेल, माझे अक्रोड, आणि भाजतेय मी लष्कराच्या भाकऱ्या! रस्त्याने जावं तर जो तो हात उंचावून म्हणायचा, "पोलिक्सेनीबाई, देव तुमचं भलं करो." मी दात ओठ खाऊन हसायची. मला तरी दात होते.

शुक्रवारी मी संत मिनासलाही कामाला लावलं. हरवलेल्या वस्तूंचा अनुभव त्यालाही आहे. त्याच्यापुढे मेणबत्ती लावली, चांगली जाडजूड.

"एका कवळीला दोन संत?" पापा-लाम्ब्रोस म्हणाले. "बाई, हे चर्च आहे की पोलीस चौकी?"

"तुम्हाला चष्मा मिळाला, तुम्हाला काय जातंय बोलायला!"

शनिवारी मी कलिंगडाच्या सालींचा ढीग दोनदा उपसला. शेळीच्या तोंडात हात घालून पाहिला. मग घरात आले आणि फानुरिओसची तसबीर भिंतीकडे तोंड करून टांगली.

प्रोद्रोमोस दारात उभा राहून बघत होता. "हे काय?"

"शिक्षा."

त्याला हसू आलं. तसबीर सरळ करून त्याने बाहीने काच पुसली. याच्यामुळे माझा जीव टांगणीला लागलेला, आणि हा काच पुसतोय!

"तू काही मागितलंस की नाही संतांकडे?" मी विचारलं.

"मी? नाही बुवा."

"नाही? मग रोज पहाटे अंगणात उभा राहून पुटपुटतोस ते काय?"

"गप्पा."

"देवाशी कसल्या गप्पा?"

"अशाच आपल्या. वारा कुठून सुटलाय, कलिंगडं यंदा कशी निघाली. बाळाच्या पायाचा अंगठा केवढासा आहे, ते."

"आणि कवळीचं?"

"ते राहिलंच," तो म्हणाला, खरंच आठवल्यासारखा.

माझं डोकं फिरलं. "मग ऐक. उद्या तू गायचं नाहीस. माझ्या गळ्याची शपथ आहे. तुझी फुसफुस ऐकून विहीणबाई हसतील, आणि तिकडे जाऊन वर्षभर सांगत बसतील."

आठवडाभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा पडला. त्याने वाद घातला नाही. म्हणाला, "बरं," आणि शेळ्यांकडे निघून गेला. मी जिंकले होते, तरी मला जेवण गेलं नाही.

रविवारी विहीणबाई आल्या. निळा रेशमी पोशाख, हातात पंखा, आणि अत्तर असं की चर्चमधल्या धुपाने शरणागती पत्करावी. मला मिठी मारून म्हणाल्या, "आजोबा गाणार ना? थेक्ला फार कौतुक सांगते हो."

"घसा बसलाय त्याचा," मी म्हटलं. चर्चमध्ये उभं राहून, सगळ्या संतांच्या देखत.

पापा-लाम्ब्रोसनी बाळाला तेल चोपडलं, पाण्यात तीनदा बुडवलं, वर काढलं. पोरीने असा टाहो फोडला की झुंबर हललं. आता स्तोत्राची जागा. पापा-लाम्ब्रोस गायकाच्या चौथऱ्याकडे बघायला लागले. सगळं गाव तिकडेच बघायला लागलं.

प्रोद्रोमोस तिथे उभा होता, इस्त्रीच्या सदऱ्यात, ओठ घट्ट मिटून. तो माझ्याकडे बघत नव्हता. नातीकडे बघत होता, आणि त्याचा गळा नुसता हलत होता. शेळ्यांपुढे म्हटलेलं सगळं तिथे येऊन अडकलं होतं. तोंडातल्या तोंडात तो गातच होता, आणि माझ्या शपथेखातर बाहेर काढत नव्हता. मला एकदम कळलं, कवळी त्याची हरवली होती, पण हवी मला होती. त्याचं तिच्यावाचून काहीच अडलं नव्हतं.

"गा की रे मेल्या!" मी ओरडले.

भर चर्चमध्ये! विहीणबाईंच्या हातातला पंखा पडला.

आणि तो गायला लागला. त्या स्तोत्रात 'स'ची नुसती रेलचेल आहे, आणि एकेक 'स' शीळ घालत सुटला. काही शब्दांना वाफ सुटली, काही शब्द हिरड्यांवरून घसरून मेणबत्त्यांपर्यंत उडाले. स्ट्रातिसने तोंडात रुमाल कोंबला. ख्रिसान्थीने खुर्ची धरली. पापा-लाम्ब्रोसांची दाढी थरथरायला लागली आणि ती थांबेना. विहीणबाईंचे खांदे हलताना बघून मला वाटलं, रडतायत. कसल्या रडतायत! डोळ्यांतलं काजळ ओघळेपर्यंत हसत होत्या, माझा दंड पकडून. "घसा बसलाय म्हणालात!" त्यांना एवढंच बोलता आलं.

त्यालाही हसू फुटलं. पण तो थांबला नाही. हसतच वरचा सूर लावला, आणि तो सूर, देवाशपथ, तसाच होता, अंगावर काटा आणणारा. पोरगी एकाएकी गप्प झाली. तिचं बोळकं उघडं, त्याचं बोळकं उघडं, दोघं एकमेकांकडे टक लावून. आणि मग सगळं गावच गायला लागलं, हसत, चुकत, विहीणबाईसुद्धा, माझ्या कानाशी, भयंकर बेसूर.

मी क्रूसाची खूण केली आणि सवयीने वर बघून मागायला तोंड उघडलं. मागायचं काय, तेच सुचेना. इतकी वर्षं देवापुढे उभी राहिले, पण अशी मोकळ्या हातांनी कधी नव्हते. मेलं हसू काही आवरेना, डोळे तर कधीच वाहायला लागले होते. म्हणून मी नुसतंच म्हटलं,

"ऐकतोयस ना रे याला?"