आकडा माझा, पाय कुणाचे?

विश्वास नेमका कुणावर ठेवावा, सांगा बघू? माणसाच्या शब्दावर, यंत्राच्या आकड्यावर, की त्याच माणसाच्या गुडघ्यावर? घाई नको. आधी माझं ऐका.

मी व्यायामाची सायकल बोलतेय. कितीही पायडल मारा, जागची हलणार नाही. माझी पहिली नोकरी रियाधच्या एका हॉटेलात. पाहुणे पहिल्या दिवशी माझ्यावर बसायचे, आरशात स्वतःला बघायचे आणि दुसऱ्या दिवसापासून थेट नाश्त्याला जायचे. मग एका बँकवाल्याच्या घरी गेले. त्याने माझ्यावर टॉवेल वाळत घातले. तक्रार नाही, टॉवेल निदान बढाया मारत नाहीत.

जुन्या बाजारातून मला नसरुद्दीनने घेतलं. श्रीवर्धनचा माणूस, रियाधला मसाल्यांचं दुकान. स्वतः व्हॅन हाकत दूरच्या हाइल शहरापर्यंत माल पोचवायचा. विकणाऱ्याला त्याने चहा पाजला, मुलाबाळांची चौकशी केली आणि बोलता बोलता भाव निम्म्यावर आणला. मला माणूस आवडला.

त्याच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. वरच्या मजल्यावरची आसावरी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. ती म्हणाली, "चाचा, गुडघा मोकळा झाला नाही, तर क्लच दाबायचं विसरा." व्हॅन थांबली की हाइलची गिऱ्हाइकं गेली, हे त्याला सांगावं लागलं नाही.

कंटाळा येऊ नये म्हणून तिने माझ्यासमोर टॅब्लेट लावून दिला. पायडल मारलं की त्यात इंग्लंडच्या जुन्या खेड्यांमधून एक मोटार जायची. मधाच्या रंगाची दगडी घरं, पेंढ्याने शाकारलेली छपरं, चर्चच्या मनोऱ्याभोवती कावळे, आणि रस्ता इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला की एकाने मागे जायचंच.

"हा वेडा उलट्या बाजूने चालवतोय!" सौदीत उजवीकडून व्हॅन हाकणारा नसरुद्दीन ओरडायचा आणि त्या निमित्ताने उतरून चहा मागायचा.

तरी माझा किलोमीटरचा आकडा वाढत होता. त्याने ते पाहिलं. पण फायद्यातली चूक बोलून दाखवायची त्याला सवय नव्हती. जुनं यंत्र आहे, उदार झालं असेल, असं त्याने धरलं.

उदार मी नव्हे. तो दुकानी गेला की त्याची बायको, बिलकिस, ओढणी कमरेला खोचून माझ्यावर बसायची. इतकी वर्षं इथे राहून तिने रस्ते पाहिले ते बाजूच्या सीटवरून. माझ्यावर मात्र गाडी तिच्या पायांवर चालत होती.

एका शुक्रवारी आसावरी तपासायला आली.

"आकडा बघ, बेटा! लंडन गाठलं मी!"

"आकडा झकास आहे, चाचा. गुडघा अजून रियाधमध्येच आहे. असाच राहिला तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल."

त्याचा चेहरा उतरला. तिने त्याला माझ्यावर बसवलं. मोटार निघाली, कुठेतरी घंटा वाजली, आणि स्वयंपाकघरातून बिलकिसचा आवाज आला, "घंटा झाली ना? आता दगडी पूल. सावकाश घ्या, पुढे बदकं रस्ता ओलांडतात."

पूल आला. बदकंही आली.

"तुला कसं ठाऊक?"

"रोज जाते की मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कधी? आकडा वाढतोय म्हणून गप्प बसलात."

आसावरी माझं हॅण्डल धरून हसत सुटली. "चाची, आधी तुमचे गुडघे बघू द्या!" मग गंभीर होऊन म्हणाली, "अजून वेळ गेली नाही, चाचा. पण आता पाय तुमचेच लागतील."

"आणि तोवर माल?"

"मी गाडी शिकते," बिलकिस म्हणाली.

"तू? तू चालवलीस ती इंग्लंडात, तीही उलट्या बाजूने!"

"एक बदक तरी मेलं का?"

परवाना तिला मिळाला. हाइलच्या पहिल्या फेरीला नसरुद्दीन बाजूच्या सीटवर बसून गेला. परत आला तो थेट माझ्यावर चढला आणि घाम येईतो उतरला नाही. आता सकाळ त्याची, दुपार तिची. गुडघा कुरकुरतो, पण वाकतो.

तुमच्याही घरात माझ्यासारखं काही फिरत असेल. विनंती एवढीच, हिशेब खरा ठेवा. आकडा मी चोख दाखवीन. पण तो ज्याच्या पायांनी फिरला, त्याचं नाव तुम्हालाच लिहावं लागेल.