अकरा मिनिटं

“काका, चौदाव्या स्पर्धेपाशीच घोडं पेंड का खातंय?” संघटनेच्या चिटणिसानं चहाचा कप पुढे सरकवत विचारलं. “बाकी एकोणपन्नास छापखान्यात गेल्या.”

राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेला पन्नास वर्षं झाली म्हणून तिचा इतिहास निघत होता, आणि तो लिहायला पंचकाकांइतका जुना माणूस दुसरा नव्हता. विजेते, गुण, गाजलेले डाव त्यांनी खाली मान घालून लिहून काढले होते. चौदाव्या स्पर्धेचं पान तेवढं कोरं राहिलं होतं. आज त्यांनी ते खिशातून काढून टेबलावर ठेवलं. विजेता: वकील. त्याखाली दोनच ओळी.

चिटणिसानं त्या वाचल्या आणि दार लोटून घेतलं. वकीलसाहेब पुढे संघटनेचे अध्यक्ष झाले होते, त्यांची तसबीर याच भिंतीवर होती. छत्तीस वर्षांपूर्वीचं मढं उकरून कुणाचं भलं होणार, हरलेला तो कंपाउंडरही दोन वर्षांपूर्वी गेला, असं तो बराच वेळ समजावत राहिला. 

“ओळी काढायच्या तर पुस्तकावरचं माझं नावही काढ,” काका म्हणाले. “पण आधी हे एका माणसाला वाचून दाखवायचंय.”

झालं होतं ते इतकंच. त्या काळी ठरल्या वेळेत डाव संपला नाही, तर तो दुसऱ्या दिवसावर जाई. ज्याची खेळी असे तो ती कागदावर लिहून पाकिटात बंद करी, आणि दोघांचा उरलेला वेळ पंच पाकिटावर लिहून ठेवी. अखेरच्या फेरीत वकील आणि कंपाउंडर यांचा डाव असाच राहिला. पांढऱ्या सोंगट्या कंपाउंडरच्या होत्या, आणि तो जिंकत होता. जिंकला असता तर विजेतेपद त्याचं होतं. पाकिटावर काकांच्याच अक्षरात होतं: पांढरा सोळा मिनिटं, काळा पाच.

सकाळी काकांनी पट मांडला, घड्याळाच्या दोन तबकड्या पाकीट बघून बिनचूक लावल्या. मग लक्षात आलं, की खिडकीचं ऊन पांढऱ्याच्या डोळ्यांवर येतंय. बिचाऱ्याला त्रास नको म्हणून त्यांनी पट फिरवला, खुर्च्या बदलल्या. घड्याळ फिरवायचं राहिलं.

कंपाउंडरच्या वाट्याला सोळाऐवजी पाच मिनिटं आली. सोंगटीला हात लावण्याआधी रुमालाला बोटं पुसायची त्याची सवय. औषधं कालवून कालवून बोटांना वास यायचा. त्यानं बोटं पुसली, हत्ती उचलला, आणि तबकडीवरची लाल झेंडी पडली. वेळ संपला, डाव गेला. त्यानं एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि सही केली. पाकीट फायलीत लावताना काकांना आकडे दिसले. तेव्हा बाहेर वकिलाच्या गळ्यात हार पडत होता.

देव माणसाला जीभ देतो, पण ती हलवायचं काम माणसावरच सोडतो. काकांची हलली नाही. त्यानंतर त्यांनी शेकडो डावांचे निवाडे केले. पण समोर कुणी खिशातून रुमाल काढला, की त्यांच्या नाकाशी तो औषधांचा वास येई. दाढी करताना आरशात डावं-उजवं उलटं दिसलं, की वस्तरा गालावर थांबे. कपाटातल्या त्या डावाच्या घड्याळाला कित्येक वर्षांत कुणी चावीसुद्धा दिली नव्हती, तरी जेवता जेवता ते मध्येच घास थांबवून कान देत. बायको म्हणायची, “अहो, काही वाजत नाहीये. जेवा.”

कंपाउंडरची बायको दोन खोल्यांत एकटीच राहत होती. तिनं दार उघडलं, ओळखलं आणि आत बोलावलं. काका खुर्चीत टेकले. समोरच्या भिंतीवर एक जुनं घड्याळ टकटक करत होतं. सवयीनं त्यांनी मनगटावरचं पाहिलं. पुन्हा भिंतीवरचं पाहिलं. 

भिंतीवरचं घड्याळ अकरा मिनिटं मागे होतं.

“वहिनी, हे...”

“त्याच दिवशी घरी येऊन लावलं त्यांनी,” ती म्हणाली. “म्हणाले, अकरा मिनिटं बाहेर गेली तर गेली, आपल्या घरात राहू देत.”

“हे स्पर्धेच्या पुस्तकात छापायचंय,” काका म्हणाले. त्यांनी कागद उलगडला आणि वाचला. “या डावात घड्याळ उलटे लागले होते. चूक पंचाची होती आणि तो पंच मी आहे.”

ती ऐकत होती. कागद संपल्यावर काकांनी त्याची घडी घातली.

“त्यांना कळलं होतं?” काकांनी विचारलं.

“शेवटच्या मिनिटांत काटा झेंडी वर उचलतो ना, तेव्हा कळलं. तेव्हा बोललो असतो तर लोक म्हणाले असते, हरायला लागला म्हणून कांगावा करतोय. असं म्हणाले.” तिनं पदरानं टेबलाची कड पुसली. “तुमच्यावर राग नव्हता. म्हणायचे, माझ्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून धडपडला हो तो. पण पट नाही मांडला पुन्हा कधी.”

“नाव बदलता येणार नाही, वहिनी. सही झाली की निकाल कायम. तसा नियमच आहे.”

“नाव घेऊन मी काय करू? ते मला खरं सांगत होते एवढं छापून येतंय, पुष्कळ झालं.” मग ती भिंतीकडे बघून किंचित हसली. “एक करा. माझा हात पुरत नाही, आणि रोज माझी बस चुकते. तुम्हीच लावून द्या नीट.”

काका स्टुलावर चढले. काच उघडली. बोट काट्याला लावण्याआधी त्यांनी खिशातून रुमाल काढून बोटं पुसली. मग काटा हळूहळू पुढे सरकवू लागले, एकेक मिनिट.

पहिलं मिनिट सरलं तशी ती खुर्चीतून उठली. अकरावं सरेपर्यंत उभीच राहिली, घरातलं माणूस गावाला निघालं की दाराशी उभं राहतात तशी.