स्वयंपाकघरातला एकुलता एक पॉइंट

"कसला वास येतोय गं?" दादाने चपला काढता काढताच विचारलं.

"व्हॅनिलाचा," धाकटी बहीण आतून म्हणाली. "ये, चहाचं पाणी ठेवलंय."

व्हॅनिला होताच. पण चाळीस वर्षं वायरमनचं काम केलेल्या नाकाला त्यामागचा दुसरा वास लागला, तापलेल्या प्लास्टिकचा. गुडघेदुखी विसरून तो तरातरा दारामागे गेला आणि त्याने मेन स्विचच खाली ओढला. मिक्सर थांबला, ओव्हनचा दिवा गेला, फ्रीजची घरघर बंद पडली.

"अरे, काय केलंस हे? ओव्हन आत्ता कुठे तापत आला होता."

"ओव्हन नाही, भिंत तापत आली होती. इकडे ये, चिमे."

बावन्न वर्षांच्या बाईला अजून चिमी म्हणणारा हा जगात एकटाच उरला होता, म्हणून ती आली. ओट्यावरच्या एकुलत्या एका पॉइंटमध्ये एक्स्टेंशन बोर्ड खोचला होता आणि त्यात ओव्हन, किटली, मिक्सर, फ्रीज असं सगळं बिऱ्हाड. बोर्डाची पिन एका बाजूने करपून तपकिरी झाली होती.

"दुकानदार म्हणाला, सहा भोकं आहेत, सहाही चालतात."

"सहा चार्जर चालतात. ओव्हन काय चार्जर आहे? भोकं कितीही असोत, भिंतीतली तार एकच ना? तिच्यावर तू चौघांचं ओझं घातलंस. घर पेटलं असतं आज."

बहीण ओट्याला टेकली. शिवणाच्या कारखान्यातून कमी केल्यापासून सगळ्यांनी एकच धोशा लावला होता, आता बस घरी, आराम कर. तिला आराम नको होता. दवाखान्यात आज थोरल्या नर्सबाईंचा निरोप समारंभ होता आणि तिथल्या कॅन्टीनवाल्याने साठ कपकेक सांगितले होते. चार वाजता हवेत, चांगले झाले तर रोजचं काम तुम्हाला, असं तो म्हणाला होता. घड्याळात साडेअकरा झाले होते.

"मग काय करू? त्याला नाही म्हणून कळवू?" तिने हातातलं फडकं ओट्यावर आपटलं. "हे घर बांधलं तेव्हा मी तीन पॉइंट मागितले होते. कोण म्हणालं होतं, तुला एक पुष्कळ झाला?"

दादाने करपलेली पिन भिंतीतून उपसून काढली. त्यानेच म्हटलं होतं. गावभर ज्याने त्याने मागितले तितके पॉइंट दिले, आणि सख्ख्या बहिणीच्या घरी एका रविवारात काम उरकायचं म्हणून हात आखडला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"नाही वगैरे काही कळवायचं नाही," तो पिशवी उघडत म्हणाला. रिटायर झाला तरी पिशवी सुटली नव्हती. टेस्टर, पक्कड आणि एक कोरा सॉकेट तिच्यात कायम असायचा. मेन बंदच होता, तरी त्याने टेस्टर लावून बघितलं. आतली तार शाबूत होती. पंधरा मिनिटांत नवा सॉकेट बसला, मेन पुन्हा वर गेला आणि तो हुकूम सोडू लागला. "ओव्हन थेट भिंतीत, एकटा. फ्रीज चार तास बंद राहू दे, फक्त दार उघडायचं नाही. मिक्सर बाहेरच्या खोलीत. तिथली लाइन वेगळी आहे, एवढंसं ओझं सहज पेलेल."

"आणि किटली?"

"किटलीला सुट्टी. चहा गॅसवर."

"ती तुझ्याचसाठी लावली होती, मला कुठे हवी होती?"

मग जी धावपळ झाली ती बघण्यासारखी होती. दादा बाहेरच्या पलंगावर पाय पसरून बसला, मांडीत भलंमोठं पातेलं, हातात मिक्सर. पहिल्याच झटक्याला वेग जास्त झाला आणि पीठ थेट चष्म्यावर उडालं.

"अरे, हळू. भिंतीला भोक पाडतोयस का?" बहीण हसत सुटली. हसता हसता तिला ठसकाच लागला.

"बारांचं पीठ तयार. घेऊन जा. आणि पुढच्याला साखर घाल, आत्ता विसरली होतीस, मी घातली."

"चाखलंस?"

"तपासायला नको?"

बारा बारांचे पाच घाणे निघाले. दर वेळी तो उठून यायचा, पिनेजवळ हाताची पालथी बाजू धरायचा आणि "थंड आहे" म्हणून परत जायचा. शेवटचा घाणा साडेतीनला उतरला. त्याच्यासोबत वाट्यांमध्ये दोन जास्तीचे कपकेक लावले होते, पण त्यांचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

कॅन्टीनवाला पाच मिनिटं आधीच आला. दारातच एक कपकेक तोंडात टाकून त्याने डोळे मिटले. "सोमवारपासून रोज पन्नास, ताई. जमेल?"

बहिणीने दादाकडे पाहिलं, तसं कॅन्टीनवाल्यानेही पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय," दादा चष्मा पुसत म्हणाला, "तिला विचारा."

"जमेल," ती म्हणाली.

खोकी गेली. घर एकदम शांत झालं. दादाने पिशवीतून पेन्सिल आणि कागद काढला. "उद्या सकाळी मीटरपासून नवी जाड तार ओढतो. ओव्हनला वेगळी लाइन, वेगळा स्विच. बाकीचे पॉइंट कुठे हवेत ते भिंतीवर दाखव. मी बोलणार नाही, नुसतं लिहून घेतो."

तिने पातेल्यातल्या उरलेल्या पिठात बोट बुडवलं आणि भिंतीवर एक पांढरा ठिपका दिला. मिक्सरला. मग किटलीला, फ्रीजला. खिडकीशी एक, दुसऱ्या ओव्हनला, तो अजून घ्यायचा होता. फळीपाशी रेडिओला एक. पाच झाले तशी ती थबकली आणि वळून म्हणाली, "फार झाले का रे?"

दादा कागदाकडेच बघत होता. वर बघायची त्याची हिंमत नव्हती.

"अजून पुष्कळ भिंत आहे, चिमे," तो म्हणाला.

तिने पुन्हा पिठात बोट बुडवलं.