आठवं नाव

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी एर्सीलिया मक्याचं पीठ घोटत होती आणि शेजारीण देल्फिना तिच्या पोरांचे केस विंचरून देत होती. आज गावच्या नाट्यगृहात एर्सीलियाला सरकारी मानाचा बिल्ला मिळायचा होता. आठ जिवंत लेकरांची माय! बाईनं व्यावं आणि पुरुषानं लढावं, हाच त्या राज्याचा धर्म होता.

"नशीब काढलंस गं," देल्फिना म्हणाली.

"कसलं नशीब! माझी जिवंत पोरं सातच. आठवं गेदिनीसाहेबांनी भरती केलंय."

देल्फिनाचा कंगवा थांबला. तिला ठाऊक होतं. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

एर्सीलियाची थोरली नीवेस सत्ताधारी पक्षाचा गावप्रमुख गेदिनी याच्याकडे धुण्याभांड्याला होती. सोळाव्या वर्षी ती पोटुशी होऊन परत आली. बाळंतपण अडलं, तेव्हा बोभाटा होईल म्हणून गेदिनीनं डॉक्टर येऊ दिला नाही. पोर गेली, बाळ जगलं. "तुझ्याच नावावर चढव, नाहीतर नवरा तुरुंगात जाईल," असं त्यानं बजावलं. आणि आता जिल्ह्याला आठ लेकरांची आई हवी होती, गावात कुणाचीच आठ भरत नव्हती, तर या शहाण्यानं ते बाळ धरून एर्सीलियाचंच नाव कळवलं!

निघताना नवरा, फेर्मो, बुटाची नाडी बांधत हळूच म्हणाला, "मला नेलं तर नेऊ देत. पोरीचं नाव घे."

नाट्यगृहातला रिवाज असा, की आईनं एकेक नाव पुकारायचं आणि लेकरानं पुढं येऊन हात उंचावायचा. गेदिनीनं हसत तिच्या छातीवर बिल्ला लावला. समोर त्याची बायको फरचा कोट घालून बसली होती. सात नावं झाली.

"आणि आठवा?" गेदिनीनं विचारलं.

एर्सीलियानं कडेवरचं पोर सावरलं. "आठवा लीनो. हा माझ्या पोटचा नाही. याची आई नीवेस, ती बाळंतपणात मेली. बाप हा माझ्यापुढं उभा आहे."

तिनं बिल्ला काढला आणि गेदिनीच्याच कोटाला खुपसला. "घ्या साहेब, मान तुमचा."

पिन आत गेली असावी, कारण तो कळवळला. एर्सीलियाला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

दुपारीच फेर्मोला धरून नेलं. तो मान ताठ ठेवून गेला. एर्सीलिया दारात उभी होती, तेवढ्यात देल्फिना आली. तिनं आपल्या तेरेसाचा हात घट्ट धरला होता. गेदिनीकडे नीवेसच्या जागी हीच पोर लागली होती. तिच्या कमरेला अजून त्या घरचा एप्रन होता.

"नाट्यगृहातून तडक गेले आणि घेऊन आले," देल्फिना म्हणाली, आणि रडू लागली.

त्या दिवसापासून गावातल्या एकाही आईनं आपली लेक त्या घरात पाठवली नाही. भांडी आता गेदिनीची बायको स्वतः घासते. हे तिला नीवेस जिवंत असतानाही करता आलं असतं.