सगळे माझेच

मुलीला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना सासूबाई म्हणाल्या, "नाक मन्हा पियुषनं, कपाळबी त्यानंच. बठ्ठं आमनंच शे."

मला ते 'सगळं आमचंच' सहन झालं नाही. बाळंतपणाआधी मी धुळ्याला यीस्टवर, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीवर, संशोधन करत होते. म्हटलं, "आई, पेशीला ताकद देणारे मायटोकॉन्ड्रिया असतात. यीस्टमध्ये ते दोन्ही पालकांकडून येतात, त्यांचे गुण एकमेकांत मिसळतात. माणसात फक्त आईचे येतात. हिच्यातले सगळे माझेच."

"मंग पियुषमा मन्हा शेतस ना?"

"हो."

"आन् हिन्हामा?"

"नाहीत. तुमचे पियुषपाशीच थांबले."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मुलीला उचलून माझ्यापुढे केलं.

मी टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला. "तुम्हीच पुसा, आई. माझ्याकडे रडते ती."