कपाटामागची भिंत

"दादा, घर ठणठणीत आहे. घरमालकाच्या मेहुण्यानं तपासलंय, तो गवंडीच आहे!" कांदा निंदता निंदता धाकटी बहीण म्हणाली.

"विकणारा भाऊजी, तपासणारा मेहुणा आणि राहणार तू? चोर चोर मावसभाऊ ऐकलं होतं, हे त्याच्याही पुढचं!"

ते घर घ्यायला ती विहिरीकाठचा जमिनीचा तुकडा विकणार होती. उतारवयाचा तेवढाच आधार. मी खुरपं फेकून मातीतच बसलो. "परका जाणकार आणल्याशिवाय उठत नाही." तिनं उरलेला वाफा निंदून काढला. मग म्हणाली, "ऊठ आता, मुंग्या चावतील."

तिनं घरमालकाला निरोप धाडला, "तपासायला शहरातून माणूस येतोय."

घर शेजारच्या गावात. मालकानं मला कधी पाहिलेलं नव्हतं. तपासणीच्या दिवशी शहरातलं माणूस यायच्या आधीच मी पोचलो. अंगात जावयाचा जुना कोट, काखेत वही. साठीनंतर अक्षरं शिकलो, तेव्हापासून वही सुटत नाही.

"या साहेब, या!" मालकानं खुर्ची पुसली. मी साहेब नाही म्हणालो नाही. आहे असंही म्हणालो नाही. दूध आलं, साय घातलेलं.

"मागची खोली बघू?"

"तिथं काय बघायचंय साहेब, अडगळ! वारा इकडं छान लागतो."

तीनदा उठलो, तीनदा त्यानं खांदा धरून बसवलं. मी वहीत लिहीत राहिलो. तो घाम पुसत राहिला.

तेवढ्यात दारात एक बाई आली. पायांत रबरी चपला, खांद्याला पिशवी.

"काम मागायला आलीस होय? मागच्या दारानं जा. इथं साहेब बसलेत!"

बाई हसली आणि मागच्या दारानं गेली.

थोड्या वेळानं आतून कपाट सरकल्याचा आवाज आला. मालक धावला, मागून मी. ताज्या चुन्याच्या भिंतीत बाईंचा पेचकस मुठीपर्यंत गेला होता. चुन्याखाली नुसता ओला भुगा.

"मी इंजिनिअर," बाई म्हणाल्या. "ही भिंत कपाटानं धरून ठेवलीय. पुढचा पावसाळा काही काढत नाही."

मालक माझ्याकडं वळला. "मग तुम्ही कोण? आणि एवढं लिहीत काय होता?"

मी वही पुढं केली. तासाभराच्या मेहनतीच्या दोन ओळी होत्या:

दूध चांगले.
मागची खोली दाखवत नाही.

संध्याकाळी बहिणीला त्या वाचून दाखवल्या. तिनं दुसरी ओळ पुन्हा वाचायला लावली. मग खुरपं उचललं आणि विहिरीकाठच्या तुकड्याकडं निघाली.